बाबा, मी नदीवर चालले आहे

बाबा, येत्या जुलैत मी अलास्काला जाणार आहे आणि तिथल्या एका नदीतून रबरी होडीने समुद्रापर्यंत उतरणार आहे. तुमच्या वेळी हे नाव आपल्या घरात कुणी घेतलं नव्हतं, म्हणून सांगते. पृथ्वीच्या पार वरच्या टोकाचा मुलूख तो. उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळत नाही आणि मैलोन्मैल झाड दिसत नाही. छोटं विमान आम्हा तिघी बायकांना दगडगोट्यांच्या एका पट्ट्यावर सोडून निघून जाईल. पुढं रस्ता नाही, गाव नाही, मोबाइल लागत नाही. होडी घडी करून पाठीवर घ्यायची, डोंगर ओलांडायचा, नदी लागली की फुगवायची आणि बसायचं. पाणी नुकतं वितळलेलं असतं. होडी उलटली तर थोड्याच वेळात हातपाय हलेनासे होतात. हे सगळं मी तुम्हाला मुद्दाम सविस्तर सांगते आहे. जिथं असाल तिथं तुम्हाला झोप लागू नये म्हणून.

तो दिवस तुम्हाला आठवतो का, मला माहीत नाही. मला आठवतो. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथी पडून मी धरणाच्या पाण्यात लांबवर गेले आहे. सातवीची परीक्षा नुकतीच संपली आहे, पाठीवर ऊन आहे, आणि या जगात माझ्याइतकं सुखी कुणी नाही. काठावर तुम्ही आणि काका उभे. तुम्ही ओरडत नाही, नुसता हात करून बोलावता, म्हणून मी हसतच येते. काका माझा दंड धरतात. तुम्ही शेताच्या धुऱ्यावर पडलेला विळा उचलता आणि ट्यूब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडता. मग ती ओली, काळी चिंधी माझ्या गळ्यात घालता आणि म्हणता, "चाल आता. पाहू दे गावाले." देवळापासून घरापर्यंत मी तशी चालले. माझ्या वर्गातली पोरं पारावर बसली होती. "पुन्हा पाण्याचं नाव काढशीन त टंगडी मोडीन," हे तुम्ही दारात म्हणालात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जूनमध्ये माझं नाव शाळेतून काढलं आणि मला बोरी अरबला आत्याकडे धाडलं. तिथंही पाणी होतंच, पण आत्याचे डोळेही होते.

तुम्ही वारल्यावरच मी पोहायला शिकले. नागपुरात, नोकरी लागल्यावर, तिशी उलटल्यावर, लहान मुलांच्या रांगेत उभी राहून. उपग्रहाने काढलेल्या चित्रांवरून नद्यांची पात्रं वाचणं हे माझं काम आहे. ही नदीही मी आधी पडद्यावरच पाहिली. ती कुठं फुटते, कुठं एकत्र येते, कुठं जुलैतही बर्फ साचून वाट अडते, हे मी महिनोन्महिने बघत होते. प्रत्येक अवघड वळणावर मी तुम्हाला काठावर उभं करायचे आणि तुमच्या समोरून होडी काढायचे. त्यात मला फार समाधान मिळायचं.

तयारीसाठी मी मुद्दाम गावी आले आहे. नागपुरात तलाव आहेत, पण तिथं तुम्हाला ओळखणारं कुणी नाही. आई आणि मी रोज वरण-भात शिजवून ताटात पातळ पसरतो आणि कुरड्या वाळवाव्यात तसा गच्चीवर वाळवतो. वरण आपल्याच शेतातल्या तुरीचं. पिशव्यांतून भरून न्यायचं आणि तिथं गरम पाणी ओतून खायचं. सगळं वासबंद डब्यात ठेवावं लागतं, नाहीतर अस्वल येतं, असं सांगितल्यावर आई म्हणाली, "मंग लसणाची चटणी राहू दे बाई." तुमचं नाव ती काढत नाही. मीच काढते.

थंड पाण्याची सवय व्हावी म्हणून पुसदहून बर्फाच्या लाद्या आणल्या आणि बैलांसाठी तुम्ही बांधलेल्या हौदात टाकल्या. वर मे महिन्याचं ऊन आणि मी गळ्यापर्यंत बर्फात. गाव बघायला जमलं. दात वाजत होते तरी मी बाहेर आले नाही. तुमच्या हौदात बसले आहे, सगळ्यांदेखत, आणि कुणाची मला हात लावायची हिंमत नाही, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी होडी धरणावर नेली. जागा तीच निवडली. काका आता काठी टेकत चालतात, पण बातमी लागताच आले. मी होडी फुगवत होते.

"तुहा बाप पाण्याले भेत होता, पोरी," ते म्हणाले. "त्याले पोहता येत नव्हतं. भेवापायी केलं त्यानं."

या एका वाक्यासाठी मी किती वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं! "भेत होते त भ्यायचं होतं, काका. विळा काहून उचलला? अन् तुम्ही माहा हात काहून धरला?"

त्यांनी काठी वळवली. मग म्हणाले, "तो मोठा होता," आणि परत फिरले. मी त्यांना थांबवलं नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आई मागंच उभी होती. म्हणाली, "मले बसव." होडी एकटीपुरतीच असते, तरी बसवलं. लाइफ जॅकेट तिच्या लुगड्यावरून आवळलं. ती घाबरेल म्हणून मी होडी धरून ठेवली, पण ती न सांगता नेमकी मध्यभागी, तळाला टेकून बसली आणि वल्हं मागितलं. मी कडेने पोहत राहिले.

"तुले वल्हवता येते?" मी विचारलं.

"माह्या माहेरी पैनगंगा होती ना. डोंगा घेऊन इकडून तिकडं जात होतो आम्ही पोट्ट्या. तुह्या बाबाले लग्नात समजलं. त्यायनं शपथ घालून बंद केलं."

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाही तू?"

"मी बोलली असती त दोघींच्या गळ्यात घातली असती त्यायनं," ती म्हणाली, आणि हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला. बाबा, तेव्हापर्यंत माझा तुमच्यावर एकटीपुरता राग होता. आता तिचाही माझ्याकडे आला आहे. ती तो स्वतः वापरणार नाही, मी वापरणार आहे.

हे पत्र त्या नदीत सोडायचं ठरवलं होतं. सोबत येणाऱ्या दोघींपैकी एकीला विचारलं तर ती म्हणाली, तिथं काहीही टाकायचं नसतं, कागदाचा कपटासुद्धा परत आणावा लागतो. मग इथंच, तांदळाच्या कोठीमागं ठेवते. एक गोष्ट मात्र काकांना सांगितली नाही, आईलाही नाही. अजूनही पाण्यातून बाहेर येताना माझी नजर आधी काठावर जाते, आणि तिथं कुणी उभं नाही हे दिसेपर्यंत मी पाय टेकत नाही.