खोकल्याचं औषध मीच दिलं

धाकटीच्या आईस,

आशीर्वाद. आम्ही दोघं सुखरूप आहोत. धाकटी वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

सायकल शर्यतीनंतर धाकटीच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. घाबरू नकोस. तिला खोकला झाला, म्हणून तू बांधून दिलेलं औषध मीच दोन चमचे पाजलं. आधी डॉक्टरांना विचारायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुझा काही दोष नाही.

संघाचे साहेब म्हणाले, "काका, गप्प राहा. मालिशवाल्याने पाण्यात काही मिसळलं, असं सांगू." मी म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी? जमणार नाही." खरं ते लिहून सही केली.

चौकशीवाले म्हणतात, बाप पोरीसाठी खोटंही बोलेल. धाकटी हसली. "बाबा, तुम्हाला खोटं जमत असतं तर आईने दर वेळी पकडलं असतं का?"

सही मी मागे घेणार नाही. कपाटात त्याच औषधाची दुसरी बाटली आहे. ती चौकशीवाल्यांना तपासायला हवी, न उघडता रजिस्टर पोस्टाने लगेच पाठव. खोकला आला तरी त्यातला थेंबही घेऊ नकोस.

तुझा,
धाकटीचा बाप