आवाज न काढता विचारलेलं

बाबा, उद्या भिवंडीत माझा कार्यक्रम आहे आणि मला भीती वाटते आहे. इतकी वर्षं विनोदी भूमिका केल्या, स्वतः लिहिल्या, सभा गाजवल्या, मंत्र्यांना तोंडावर सुनावलं, तेव्हा कधी वाटली नाही. आयोजकांना ते बहिऱ्या बापाचं जुनं स्किटच हवं आहे, आणि पहिल्या रांगेत यंत्रमागावरचे निवृत्त लूम कामगार बसणार आहेत. तुमच्यासारखे. खडखडाटात कान गेलेले, ओठ वाचणारे.

तुम्ही जॉबर होतात, बिघडलेला लूम दुरुस्त करायचात. मी शाळकरी पोर डबा घेऊन येते आणि दारातूनच तोंड मोठं करून, हात नाचवून सांगते, "आई भांडली हाय, म्हणून भाजीत मीठ न्हाय!" त्या आवाजात ओरडून उपयोग नसतोच. तरी सगळ्यांना कळतं, सगळे हसतात. "पोरीला नाटकात घाल रे!" कोणी तरी ओठांनीच सांगतो. तुम्ही त्याच्यावर पाना उगारता, पण हसता. माझं सगळं शिक्षण तिथं झालं. मुलाखतीत मात्र मी पुस्तकांची नावं सांगते.

मग मोठेपणी टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी मी पहिलं स्किट लिहिलं, तुमच्यावर. तुम्ही देवळात नवसही ओरडून बोलायचात आणि तो अख्ख्या आळीला कळायचा, ते त्यात घातलं. मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तुम्ही आईला हळूच म्हणून जे सांगितलंत, "पोरगा टकला हाय गं!", तेही घातलं. बापही मीच झाले. परीक्षक हसून लोळले.

रविवारी दुपारी ते लागलं तेव्हा आपल्या खोलीत अर्धी आळी होती. शेजारची काकी पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाय, हा तर तुझा बापूस!" तुम्ही इतरांची तोंडं बघून हसत होतात. मला हायसं वाटलं, ऐकू येत नाही, सुटले. मग पडद्यावर माझा चेहरा जवळून दिसायला लागला आणि तुमचं हसू थांबलं. कानांच्या भरवशावर होते मी. ओठांचं विसरलेच होते.

वर्षभरात तुम्ही गेलात. त्यावर आपण कधी बोललो नाही.

आता मी व्यासपीठावरून मूठ आपटून सांगते, हसायचं तर माजलेल्याला हसा, दबलेल्याला हसणं हा भेकडपणा आहे! टाळ्या पडतात आणि मी गर्दीत वर येणारा हात शोधते. कोणी उठून विचारलं, "आणि तुमचा बाप?" तर? उत्तर पाठ आहे: "बाबांना काही कळलंच नाही हो, तेच सगळ्यात जास्त हसले."

खोटं आहे ते. त्या दुपारी गर्दीच्या डोक्यांवरून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि लूममध्ये विचारायचात तसं, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलंत, "मी असा हाय?"

मी वाचलं, बाबा. आणि न कळल्यासारखं करून टीव्हीकडे तोंड फिरवलं.

आयोजकांना नकार कळवायला सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला. अजून लावलेला नाही.