मामांची पुस्तकं आणि मुलांची समिती

कोपरखैरणे,
१२ डिसेंबर १९८८

तीर्थस्वरूप नंदकुमारमामांस वैजयंतीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना तेल चोळू देता की अजून स्वतःच चोळता? (मामींचा हात जड आहे, हे मी कुठेही बोललेले नाही.) इकडे सर्व खुशाल; फक्त माझी वाचनालयातली हंगामी नोकरी कायम होते की जाते, ते रविवारच्या सभेत ठरायचं आहे.

त्याचं असं झालं. आमचे कार्यवाह बाजीराव यांनी मला बाल-कुमार विभागाच्या ग्रंथपालांच्या शिबिराला धाडलं. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला गुडघ्यांवर बसवून कपाटांपुढून चालवलं, मुलांना काय दिसतं ते कळावं म्हणून. (नऊवारीतल्या दोघी सरसर पुढे गेल्या, आम्ही पाचवारीवाल्या निऱ्यांत अडकलो.) दिसली ती नुसती कुलपं. आमच्याकडेही तेच. पुस्तक मळू नये म्हणून खाकी कव्हर, कव्हर मळू नये म्हणून काच आणि काच फुटू नये म्हणून मुलांना बंदी. मला इतकी लाज वाटली की परतल्याबरोबर कुलपं काढली.

बाईंचं दुसरं सांगणं, कुमारांना विचारल्याशिवाय त्यांची पुस्तकं ठरवू नका. म्हणून मी मुलांची समिती नेमली. सोसायटीतली स्मिता अध्यक्ष, गावठाणातली शांती चिटणीस. मला वाटलं, मोठ्यांच्या समितीसारखी हीही चहा पिऊन उठेल. यांनी पहिल्याच बैठकीत एका लेखकाची सगळी पुस्तकं माळ्यावर टाकायचा ठराव केला. का, तर प्रत्येक गोष्टीत शेवटी मुलगा रडतो आणि माफी मागतो. मी वाद घातला आणि हरले. आता बाजीराव म्हणतात, पुस्तकं त्या लेखकानंच देणगी दिलेली, त्यांचा अपमान झाला. परत लावा, नाहीतर घरी बसा. लावायला काय, पाच मिनिटांचं काम. पण मग मुलांना पुन्हा कुठल्या तोंडानं काही विचारू?

मामा, ती पुस्तकं तुमची आहेत. मला फार वाईट वाटतंय. (हा भाग मामींना मोठ्यानं वाचून दाखवू नये.)

तुमची आज्ञाधारक (कितपत, ते आता तुम्हीच ठरवा) भाची,
वैजयंती

ता. क. रविवारी सभेला याल का? देणगीदार रागावलेला नाही, हे देणगीदारानंच सांगितलं तर बाजीरावांकडे मुद्दाच उरणार नाही. रागावला असाल तरी या.

ता. क. २ मी गोवरानं पडले होते तेव्हा तुम्ही सांगितलेल्या भुतांच्या गोष्टी परवा समितीला सांगितल्या. शांती म्हणाली, "बाई, ह्या गोष्टी त्यांनी पुस्तकान का नाय लिवल्या? त्यांना बोलवा, आमी गप बसून आयकू." सभेनंतर मुलांचा तास ठेवलाय आणि फलकावर तुमचं नाव लिहूनही टाकलंय. येताना पुस्तक मात्र आणू नका.