शेजारची खुर्ची

सांतो दोमिंगो, मंगळवार दुपार

ती. झोइलाताईस,

धाकट्या अनिबालचा वाकून नमस्कार. आधी आशीर्वाद दे आणि मग पुढे वाच (फोनवर तू आशीर्वाद दिल्याशिवाय मला बोलता येत नाही, तेव्हा कागदावरही तीच शिस्त). तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या दक्षिणेत, सान हुआनकडे यंदा राजमा चांगला आला, असं आपल्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडून कळलं. तू शाळेतून निवृत्त झालीस तरी आठवड्यातून दोनदा नव्या हेडमास्तरला सूचना द्यायला जातेस आणि तो उभा राहूनच ऐकतो, हेही त्यानेच सांगितलं. तुझ्या विल्किनला माझा आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे. फक्त रक्तदाब आहे, आणि त्याचं नाव एवारिस्तोसाहेब.

साहेब चौथ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे आहेत, हे तुला ठाऊकच आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत निवडणूक मंडळात दोन नावं द्यायची आहेत, एक अध्यक्षाचं आणि एक उपाध्यक्षाचं. पहिलं नाव तयार आहे (तेच तर आमचं दुखणं). दुसऱ्यासाठी मी महिनाभर वणवण करतोय. याही खेपेला एक टक्का मतं पडली नाहीत तर पक्षाची नोंदणी जाईल, आणि तेवीस वर्षं मी रोज सकाळी ज्याचं कुलूप उघडतोय ते कार्यालय कायमचं बंद होईल.

एखाद्याच्या पोराचा धर्मपिता व्हायला कुणाची ना नाही. पण साहेब एक्केचाळीस पोरांचे धर्मपिता आहेत. म्हणजे एक्केचाळीस बापांचे कोंपाद्रे, पोराच्या नात्याने झालेले भाऊच, आणि कोंपाद्रेला तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा माणूस दात उपटून घेईल. एवढ्यावर भागलं असतं तरी मी काही बोललो नसतो. पण प्रत्येक बाप्तिस्म्याच्या जेवणात, रमच्या दुसऱ्या ग्लासानंतर, साहेबांनी यजमानाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलंय, ‘कोंपाद्रे, मी अध्यक्ष झालो की शेजारची खुर्ची तुझी.’ आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढलेला असतो. पंधरा दिवसांपूर्वी साहेब रेडिओवर बोलून गेले की जोडीदार अजून ठरलेला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात फोटोवाल्यांची रांग लागली आहे.

पहिले आले ला व्हेगाचे बिएनव्हेनिदो, ज्यांच्या आखाड्यात दर रविवारी कोंबड्यांच्या झुंजी होतात. एका काखेत फोटो, दुसऱ्या काखेत कोंबडा. माणूस तसा वाईट नाही, गर्दी जमवतो. पण मी जाहीरनामा समजावून सांगत होतो तेव्हा कोंबडा टेबलावर उतरला आणि शिक्षणाच्या प्रकरणावर त्याने आपलं मत दिलं (पुसून काढलं, पण डाग राहिला). वर बिएनव्हेनिदो म्हणतात, तो माझ्याबरोबर व्यासपीठावर असेल, नाहीतर मीही नाही.

मग न्यूयॉर्कहून एका दंतवैद्य कोंपाद्रेचा फोन. तीस वर्षं तिकडे आहेत, फोटो त्यांच्या दवाखान्यात फ्रेम करून लावलाय. उपाध्यक्ष व्हायला आनंदाने तयार आहेत, मात्र प्रचार नाताळच्या सुट्टीत ठेवा म्हणतात. मतदान मे महिन्यात आहे असं सांगितलं तर म्हणाले, ते पुढे ढकलता येत नाही का?

कंटाळून मी फोटो नसलेल्या माणसाकडे वळलो. विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाई, हुशार, मुद्द्याचं बोलणाऱ्या. त्या जवळजवळ हो म्हणाल्या होत्या. पण त्यांनी जाहीरनामा वाचायला मागितला आणि मी मूर्खासारखा दिला. (तो मीच लिहिलेला आहे, त्यामुळे या विषयावर जास्त लिहीत नाही.)

आता साहेबांच्या मुख्य सल्लागारांनी, म्हणजे वहिनींनी, फर्मान काढलंय. जोडीदार बाईच हवी. दक्षिणेकडची हवी, कारण तिकडे आपल्याला कुत्रं विचारत नाही. आयुष्यात कुठल्याही पक्षात नसलेली, आत आली की लोक आपोआप उभे राहतील अशी, आणि साहेबांना ‘आता खाली बसा’ म्हणू शकणारी. तूच सांग ताई, शुक्रवारपर्यंत असं माणूस मी कुठून पैदा करू? डोकं फिरायची वेळ आली आहे.

गुडघ्याला जप. लोभ आहेच, तो रागावतानाही असू दे.

तुझा,
अनिबाल

ता. क. खरं काम राहिलंच. आमच्या मिलेदीच्या बाप्तिस्म्याचा फोटो तुझ्या निळ्या अल्बममध्ये आहे. त्यात साहेबांचा हात माझ्या खांद्यावर आहे आणि तोंड उघडं आहे. ते काय म्हणत होते ते मला अजून ऐकू येतं. होय, ज्यांना मी वर पानभर हसलो त्यांच्या रांगेत मीही आहे. तेवीस वर्षं त्यांच्या शेजारी उभा आहे, ताई. एकदा बसावंसं वाटतं. फोटो गुरुवारच्या आत ड्रायव्हरच्या हाती पाठव.

आणखी एक ता. क. पाकिटावर पत्ता लिहीत होतो तेवढ्यात साहेब आले. पत्ता वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. “अरे, कोमाद्रे झोइला! विल्किनच्या बाप्तिस्म्याला तिचा नवरा स्वयंपाकघरात होता म्हणून मी तिलाच शब्द दिला होता. अनिबाल, महिनाभर तू करत काय होतास?”

काय करत होतो ते तुला सांगतो. वहिनींच्या अटी लिहून घेताना दुसऱ्याच ओळीला मला तुझा चेहरा दिसला होता, आणि मी पान उलटलं. मला त्याची लाज वाटते. तुझ्या नावावर आम्हाला तो एक टक्का मिळेल. माझ्या नावावर माझं मत मिळेल, आणि तुझं.

साहेब उद्या सकाळी तुझ्याकडे यायला निघतायत. ड्रायव्हर आज चारला सुटतो, म्हणून हे पत्र आधी पोचेल. हो म्हण. फोटो आता पाठवू नकोस. फक्त ते जेवायला बसतील तेव्हा निळा अल्बम टेबलावर असू दे, त्याच पानावर उघडा.