करडांची वाटणी

किन्हीराजा,
१२ फेब्रुवारी १९७४

ती. जाऊबाई लिलाबाई यांना धाकट्या रुख्मिणीचा जयभीम. तुमच्या यजमानांना, म्हणजे माझ्या भासऱ्यांनाही सांगा.

इकडे सगळे बरे. तूर घरात आली. माझी जुळी, देवमन आणि चंपा, आता कुशीवर वळायला लागली आहेत.

पत्रात तुम्ही दोघांना ‘किड्स’ म्हटलं. नागपूरचं पाणी चांगलंच मानवलं म्हणायचं! मी शालिग्राम गुरुजींना अर्थ विचारला. त्यांनी जाडा कोश काढला. शब्द मुळात बकरीच्या करडाचा. उत्तरेकडून समुद्रावरून आलेल्या लोकांनी तो इंग्रजांच्या मुलखात नेला. मग करडाच्या मऊ कातड्यालाही तेच नाव पडलं. साहेब लोक त्याचे हातमोजे घालतात म्हणे. माणसाच्या पोराला तो फार मागून चिकटला, तोही आधी रस्त्यावरच्या बोलीत. गुरुजींना कौतुक वाटत होतं, मला मात्र घाम फुटला.

कारण आमच्या घरात सध्या करडांचाच हिशेब चालू आहे. रतनसिंगची बकरी आम्ही अर्ध्या वाट्याने पाळतो. करडं वाढली की पाळणाऱ्याने दोन वाटे पाडायचे आणि मालकाने आधी निवडायचं, म्हणजे लबाडीला जागा राहत नाही.

परवा आमचे हे, म्हणजे तुमचे दीर, म्हणाले, “दादानं मले वाढवलं. मी त्याहिले शब्द देला. दोन हायेत, एक त्याहिचं.”

“काहून? पोरं का बकरीचे हायेत?”

“तू वाटे पाड. वैनी येऊन निवडतीन. मंग तुह्यावर बोल नाही.”

तेव्हापासून मी दोघांना नजरेआड होऊ देत नाही. विहिरीवर जातानासुद्धा एक काखेत, एक पाठीशी. बाया हसतात, हसू देत.

बाई, तुमची कूस उजवली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. माझ्या बाळंतपणात शेक-शेगडी तुम्हीच केली. पण ‘कोणतंही चालेल’ असं लिहिताना तुमचा हात कसा थांबला नाही? ही काय बाजारातली वांगी आहेत? मला तुमचा फार राग आला आहे, आणि भीतीही वाटते.

रविवारी तुम्ही येणार. अवश्य या. रीतीप्रमाणे मी वाटे पाडून ठेवले आहेत. एका वाट्यात देवमन, चंपा आणि मी. दुसऱ्या वाट्यात तुमचे दीर.

आधी तुम्ही निवडा.

तुमची जाऊ आणि दोघांचीही आई,
रुख्मिणी