स्टीअरिंगची लाल फीत

बाबा, तुमच्या साहेबांची गाडी मी विकत घेतली. ऑफिसची पांढरी, जिचे तुम्ही ड्रायव्हर होतात, ती नव्हे. त्यांनी स्वतःची म्हणून घेतलेली साय-रंगाची अँबेसेडर, जी चालवायला तुम्ही त्यांना रविवारी शिकवायचात. आधी हे सांगून टाकते, कारण फिरवून-फिरवून बोलणं मला कधी जमलं नाही. आणि त्यावरूनच मी तुमची बोलणी खाल्ली आहेत. "तुझ्या तोंडाला ब्रेक नाही," असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. आता माझे केस पिकायला लागले, तोंड मात्र तसंच आहे. चौथीनंतर पाटी ठेवली ती ठेवलीच, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका.

गाडी हौसेनं घेतली असं समजू नका. तुमच्या जावयांचा फरीदाबादचा कारखाना बंद पडला तेव्हापासून घर माझ्या शेगडीवर चालतं. आधी एकट्या राहणाऱ्या मराठी पोरांचे डबे, मग कुणाचं डोहाळेजेवण, कुणाचा दिवाळीचा फराळ. पण हे सगळं येतं एका जेवणातून. संक्रांतीला आपल्या दिल्लीच्या मराठी मंडळाच्या बसेस पानिपतला जातात, काला अंबच्या स्मारकापाशी लोक नमस्कार करतात, भाषणं होतात, आणि मग उन्हात सतरंज्या घालून सगळे जेवतात. ते जेवण माझं. तिथं गुळपोळी खाल्लेली बाई वर्षभर मला फोन करते. मागच्या संक्रांतीला टेम्पोवाल्यानं माझी भांडी घेतली आणि वाटेत सोनीपतला दुसरा माल भरायला उतरला. लोक ढाब्यावर पराठे खाऊन परत निघाले आणि माझा मसालेभात दुपार कलल्यावर पोचला, कावळ्यांसाठी. मंडळाचे सेक्रेटरी भला माणूस, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी उशीर झाला तर मग मी तिथल्याच हलवायाला सांगणार. माझाही नाइलाज आहे." त्या दिवशीच मी ठरवलं की आता दुसऱ्याच्या चाकावर माझं भांडं चढणार नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. कॉलेजच्या पोरींच्या मधे मी बसलेली, साडी खोचून. मास्तर म्हणाला, आंटीजी, क्लच हळू सोडा, तो कुकर नाही. लायसन पहिल्या फेरीत मिळालं, हे मुद्दाम लिहिते.

गाडीचं काकूंकडून कळलं, म्हणजे तुमच्या बाईसाहेबांकडून. साहेब जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या यमुनेपलीकडे सोसायटीत एकट्या राहतात आणि माझ्याकडून चकलीची भाजणी नेतात. खाली जिन्याजवळच्या गॅरेजात गाडी तशीच उभी होती. भंगारवाला रोज दारावर येतो, म्हणाल्या, पण त्याच्या हातात द्यायला जीव होत नाही, तुला हवी तर तो देतो तेवढ्यातच घेऊन जा. शटर उचललं तर काय बघते, धुळीचा असा थर की बॉनेटवर रांगोळी काढावी. टायर बसलेले, काचेवर कोळ्यांची जाळी, आत सीटच्या स्पंजाचा भुगा. आणि स्टीअरिंगला एक मळकट लाल दोरा बांधलेला. मी तो तोडायला हात घातला तशा काकू पुढं आल्या. इतक्या चटकन त्यांना चालताना मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. साहेबांनी आयुष्यात देवाला हात जोडला नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालू देत नसत, म्हणत लोखंडाला कसली फुलं. पण ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या दिवशी एकटेच खाली गेले, बराच वेळ वर आले नाहीत. ते गेल्यावर काकूंनी गॅरेज उघडलं तेव्हा हा दोरा दिसला. "जाताना त्यांना देव आठवला गं," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं नाही, पण आठवला. गाडीचं काय करायचं ते कर, हा दोरा तेवढा राहू दे." आता अशा बाईला काय म्हणणार. राहू दे म्हटलं.

करोल बागेतून एका म्हाताऱ्या सरदारजींना घेऊन आले. ते रोज थोडा वेळ येत आणि काकूंकडचा चहा पिऊन गाडीपेक्षा सरकारला जास्त शिव्या देत. टाकीतलं पेट्रोल काढलं तर जुन्या वार्निशासारखा वास. टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला, प्लग बदलले, अडकलेले ब्रेक सोडवले, नवी बॅटरी बसवली. मी भांडी घासायची तारेची घासणी घेऊन गंज काढत बसले होते. नखातलं काळं निघायचं नाही आणि संध्याकाळी त्याच हातांनी कणीक मळायची, मग तुमचे जावई निवडलेले मटार बाजूला ठेवून माझ्या बोटांना लिंबू चोळून द्यायचे. एवढं झाल्यावर सरदारजींनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धरलं, घरघरलं, आणि आम्ही हसायच्या आत गप्प. पुन्हा तेच. सुरू व्हायची, दोन श्वास घ्यायची, बसायची. सरदारजींनी पेट्रोलचा पंप बदलला, पॉइंट बदलले, कार्बोरेटर पुन्हा उघडला. तेच. संक्रांत तोंडावर आलेली. माझ्याकडे तीळ भाजून झालेले, गूळ किसून ठेवलेला, आणि गाडी ही अशी. सरदारजी पान्यावर पाना आपटून म्हणाले, "बीबीजी, साँस लेती है पर छोड़ती नहीं। अब इसकी उमर हो गई।" मी म्हटलं, उमर तो मेरी भी हो गई, मैं तो चल रही हूँ.

चिडून मी आत बसले आणि स्टीअरिंगवर डोकं टेकलं. तो दोरा गालाला लागला. आणि बाबा, तो चपटा होता. देवळात मनगटाला बांधतात तो कलावा गोल असतो, पिळाचा, त्यात पिवळा असतो. हा सुताचा, सपाट, कडेनं विणलेला. ही तर फायली बांधायची फीत.

आणि मी एकदम आपल्या जुन्या क्वार्टरमागच्या शेडमध्ये उभी आहे. मे महिना, तुम्ही गावाहून परत आलेले. रजेवर जाताना तुम्ही ऑफिसच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये चिंधी कोंबायचात, शेडमध्ये उंदीर फार म्हणून. आणि आल्यावर ती काढायला विसरू नये, म्हणून ऑफिसातली लाल फीत स्टीअरिंगला बांधायचात. मला काय माहीत. त्या दिवशी तुमच्याबरोबर शेडमध्ये आले होते. तुम्ही चावी घ्यायला गेलात, मला ती फीत दिसली, सोडली आणि वेणीत घातली. तुम्ही गाडी सुरू करायला गेलात, ती चालेना. साहेब दारात ताटकळलेले, तुम्ही घामाघूम, बॉनेटमध्ये डोकं घालून सगळं तपासताय. मी तिथंच उभी, लाल फीत घालून, ऐटीत. मग तुमची नजर माझ्या वेणीवर गेली. तुम्ही ओरडला नाहीत, तेच वाईट. वेणी धरून फीत ओढून काढलीत आणि म्हणालात, "माझी आठवण मी गाडीला बांधून ठेवतो. ती तू डोक्यात घालून मिरवतेस?" साहेब मागं उभे राहून ऐकत होते. मी त्या दिवशी जेवले नाही. पुढच्या पगाराला तुम्ही करोल बागेतून साटीनची रिबन आणलीत, गुलाबी, आणि माझ्या उशाशी ठेवून ड्यूटीवर गेलात. ती रिबन मी धुऊन-धुऊन विटेपर्यंत वापरली.

मी गाडीतून उतरले. सरदारजींना म्हटलं, पीछे देखो. ते म्हणाले, पीछे क्या है, पीछे तो डिक्की है. मी खाली बसले आणि सायलेन्सरच्या नळीत तार घातली. आत, चांगलं खोल, काहीतरी मऊ. आकडा करून ओढलं तर हिरवं खणाचं टोक बाहेर आलं. ब्लाउजपीस, बाबा. हळदीकुंकवाला मिळतात तसले, जे कुणी कधी शिवत नाही, या घरचं त्या घरी देतात आणि वर्षानुवर्षं दिल्लीभर फिरत राहतात. तो निघाला, त्याच्यामागून मोरपंखी, त्याच्यामागून जांभळा. साहेबांनी कपाटातून हाताला लागतील तेवढे उचललेले दिसत होते. सरदारजी जमिनीवर बसून पोट धरून हसत होते, म्हणे मी आयुष्यात खूप सायलेन्सर पाहिले, पण साडीचं दुकान पहिल्यांदा पाहिलं.

मग किल्ली फिरवली. इंजिन धरलं आणि धरून राहिलं. काळा धूर भिंतीवर, सगळं गॅरेज थरथरतंय, आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी. वरून काकू बाल्कनीत आल्या. "सुरू झाली का गं? काय अडकलं होतं?"

सरदारजींनी हिरवा खण हातात घेऊन वर दाखवायला हात उचलला. मी त्यांचा हात खाली दाबला. त्या क्षणी मला सगळं दिसत होतं. साहेबांना देव आठवला नव्हता. त्यांना तुम्ही आठवला होतात. तुमच्याकडून शिकलेलं, उंदीर जाऊ नयेत म्हणून चिंधी आणि विसरू नये म्हणून फीत. म्हणजे ते हॉस्पिटलातून परत येऊन गाडी चालवणार होते. जिभेवर आलं होतं माझ्या. मी कुणाचं काही पोटात ठेवते का. भाजीवाल्याला, सेक्रेटरींना, सासूला, सगळ्यांना तोंडावर सांगितलेलं.

"उंदरांनी घर केलं होतं, काकू," मी ओरडून सांगितलं.

"दोरा आहे ना पण?"

"आहे. तसाच आहे."

त्या आत गेल्या, देवापुढची घंटा वाजल्याचं खाली ऐकू आलं. सरदारजी म्हणाले, अच्छा किया बीबीजी. मी म्हटलं, गाडी बघा. ब्लाउजपीस मी पिशवीत घातले.

संक्रांतीला पहाटे निघालो. धुकं असं की बॉनेटचं नाकही दिसेना. मागच्या सीटवर पातेली चादरीत गुंडाळून, डिक्कीत गुळपोळ्यांचे डबे, शेजारी तुमचे जावई मठ्ठ्याची बरणी मांडीत धरून, जीव मुठीत घेऊन. पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून मी चालवत राहिले. सोनीपत आलं तेव्हा ते म्हणाले, इथं उतरायचं का कुठला माल भरायला? एवढ्या भीतीतही माणसाला टोमणा सुचतो. काला अंबला पोचलो तर बसेस अजून यायच्या होत्या. मी चूल मांडून भात गरम करत होते तेव्हा मंडळी उतरली. सेक्रेटरींनी गाडी पाहिली, मला पाहिलं, पातेल्याचं झाकण उचललं आणि वाफ चष्म्यावर आली तसे म्हणाले, वहिनी, पुढच्या वर्षीचं आत्ताच पक्कं करून टाकू. मी म्हटलं, आधी जेवा. मागं जाऊन एका झाडाला टेकले आणि पाय सोडून बसले. बऱ्याच वर्षांनी असं काही न करता बसले.

हे पत्र काकूंच्या हाती लागता कामा नये, म्हणून कुणालाच दाखवणार नाही. पाठवायचा तर प्रश्नच नाही, तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही. गाडी आता रोज निघते. फीत अजून स्टीअरिंगला आहे, काकूंना शब्द दिलाय. कुणी विचारलं तर देवाचा दोरा म्हणून सांगते. ती काय आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तरी एक सांगते, हसू नका. किल्ली फिरवायच्या आधी मी तिला बोट लावते, आणि ते बोट मग कपाळाला.