कूलरात उगवलेलं धान

प्रताप नगर, नागपूर
मे १९८२

चि. चंद्रभान भाऊजींना पंचफुला वहिनीचा आशीर्वाद. तुम्ही सारे खुशाल असाल असं धरून चालते, कारण तुमचं पत्र काही येत नाही. आम्ही बरे आहो. मामाजीले, तुमच्या बाबाले, तेवढा खोकला होता. तुम्ही बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला, म्हणून ते रुसून आमच्याकडे आले, त्या रागाचा हा खोकला नाही. हा कूलरचा.

कूलर घरमालकाचा. बाबूलाल त्याचं नाव, लकडगंजात लाकडाचा धंदा. (घर दाखवताना कूलर दोनदा दाखवला, गळकं छत एकदाही नाही.) यंदा चालू केला तर ओल्या पोत्याचा वास. खिडकीखालची भिंत काळी पडली, तुमचे भाऊ झोपेत शिंकून राहिले. बाबूलालले सांगितलं तर म्हणे, "पंचफुलाबाई, हा गारव्याचा वास आहे, तुमाले सवय नाही." म्हटलं, मले म्हशीची सवय आहे, ती याहून बरी. तर म्हणे, कूलर उघडायचा नाही, मालकाची वस्तू आहे. मग मी उघडला.

लाकूडवाल्या माणसानं कूलरच्या बाजूच्या ताट्यांत लाकडाचा कीस भरायचा सोडून धानाची तणस, म्हशीपुढं टाकतो ती, कोंबली होती! तणशीवर पांढरी-काळी बुरशी, बोटभर जाड, आणि तिच्यातून वर आलेलं हिरवंगार धान. (दाणे राहिले असतील तणशीत. दिवसभर पाणी, वरून पंखा. आपल्या वावराची कोणी इतकी सेवा केली काय?) मी उपटायले हात घातला तर मामाजी आडवे. "सूनबाई, हिरव्यावर हात टाकायचा नाही." म्हटलं, खोकून राहिले तुम्ही! तर म्हणे, "खोकला जाईल. पीक गेलं तर?" बाबूलाल दारातच होता, म्हणे, पाहा, म्हाताऱ्या माणसाले कळते. असा राग आला!

तेव्हापासून आमच्या घरी शेती. मामाजी खोकत उठत, कूलरमागे जाऊन धान निरखत, वीज गेली की लोट्यानं पाणी टाकत. शेजारची भागीरथा पाहायले आली, शिंकता शिंकता "पीक चांगलं आहे वं" म्हणून गेली. मी समजावलं, भांडली, वरण थंड वाढलं. काही उपयोग नाही.

शेवटी परवा डोक्यात आलं. म्हटलं, मामाजी, धानाचे पऱ्हे वीतभर झाले, आता रोवणी नको काय? डब्यातच लोंबी धरणार आहे? चहा पिऊन झाल्यावर मामाजी म्हणाले, "चिखल कुठं आहे?" मी अंगणातला बाबूलालचा गुलाबाचा वाफा दाखवला. (तो लकडगंजात गेला होता. मी काय त्याची वाट पाहत बसू?) नळ सोडला, मामाजीनं धोतर खोचलं आणि एकेक रोप असं ओळीत रोवलं की मीही पाहत राहिली. मग मी तणस फेकली, टाकी घासली, सीताबर्डीहून नव्या ताट्या आणून बसवल्या.

संध्याकाळी बाबूलाल आला आणि "माझे गुलाब!" म्हणून जो ओरडला! मामाजी म्हणाले, "गुलाब खाते काय कोणी गा?" आता घर खाली करा म्हणतो. म्हणू द्या. उन्हाळाभर तरी मी हलत नाही.

घरी सगळ्यांले आमची खुशाली सांगा.

तुमची वहिनी,
पंचफुला

ता. क. वास गेला, खोकला गेला, हवा अशी थंड की भागीरथा दुपारी इथंच येऊन झोपते. पण मामाजी कूलरसमोर बसत नाहीत. बाहेर उन्हात धानाजवळ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले विचारतात, आपल्या उमरेडकडं आभाळ आलं काय. मिरग जवळ आला, भाऊजी. पेरणीले त्यायले बोलवा. ट्रॅक्टर ठेवा, पण कोणत्या वावरात काय पेरायचं ते विचारा. तुमचं ठरलं असलं तरी विचारा.

दुसरा ता. क. पत्र त्यांच्या नावानं टाका, मी लिहिलं हे सांगू नका. पहिल्यांदा नाही म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका. कालपासून त्यांची पिशवी भरून दारामागं टांगली आहे. मी विचारलं, काहून भरली? तर म्हणे, उंदीर कपडे खातात.